गुणी बाळ

या सदराचे जुने वाचक जाणतात की, लिहिलेला शब्द मागे घेण्याची मला सवय नाही. छत्तीस वर्षे मराठीचा मास्तर होतो. फळ्यावर माझे काही चुकले, तर ‘तुमचे लक्ष आहे की नाही ते पाहत होतो’ असे म्हणून वेळ मारून न्यायची, ही मास्तरकीतली पहिली विद्या. पण आज ती उपयोगाची नाही. गेल्या वर्षीच्या दिवाळी अंकात याच पानावर मी जे लिहिले, ते आज तुम्हां सर्वांच्या समक्ष मला पुसायचे आहे.

त्या लेखाचे नाव होते ‘आमची गुणी नात’. आमचे बिऱ्हाड पुण्यात सदाशिव पेठेत, रस्त्यालगत पहिल्या मजल्यावर. अनंत चतुर्दशीला आमच्या खिडकीखालून मिरवणुका जातात. ढोलांची पथके अशी की, फडताळातल्या कपबश्या नाचू लागतात आणि शेजारी बसलेल्या माणसाशी दोन शब्द बोलायचे तर घसा फोडावा लागतो. त्या गदारोळात आमची पाच आठवड्यांची चिमी पाळण्यात गाढ झोपली होती. सौ.ने तीनतीनदा वाकून पाहिले. पोर हूं की चूं करीना. मिरवणूक पाहायला आलेली पाहुणेमंडळी थक्क झाली. ‘काय गुणाचं बाळ हो! आमच्याकडे भांडं पडलं तरी तासभर रडणं चालतं,’ असे जो तो म्हणाला. मी आजोबा; माझ्या अंगावर मूठभर मांस चढले. तो सारा प्रसंग मी रंगवून लिहिला आणि शेवटी ‘आजच्या धावपळीच्या पिढीने या बाळाकडून शांती शिकावी’ असा उपदेशही केला. उपदेश केल्याखेरीज माझा लेख संपत नाही, ही तर तुमची जुनीच तक्रार आहे.

दिवाळी झाली. भाऊबीजेनंतर आठ-दहा दिवसांनी एक पोस्टकार्ड आले. सांगलीकडच्या एका बाईंचे होते. अक्षर बारीक, पण सुवाच्य. लिहिले होते : ‘सा. न. वि. वि. आपले सदर आम्ही घरातील सर्व जण वाचतो. या वेळचा लेख वाचून मात्र रात्री झोप लागली नाही. माझा मुलगाही असाच गुणी होता. फटाके वाजले तरी उठत नसे. तो अडीच वर्षांचा झाल्यावर त्याला ऐकू येत नाही हे आम्हांला कळले. आपल्या नातीचे तसे नसेल, नसावेच. पण एकदा कान तपासून घ्यावेत. लहान तोंडी मोठा घास घेतला, क्षमा असावी.’

वाचकांची पत्रे मी सौ.ला मोठ्याने वाचून दाखवतो, विशेषतः स्तुतीची. हे कार्ड मात्र मी मोल्सवर्थच्या कोशात ठेवून दिले आणि कोश कपाटात वरच्या फळीवर चढवला. आज लिहायला लाज वाटते. पण ते कार्ड तिथे पुरते तीन आठवडे पडून होते.

या तीन आठवड्यांत मी स्वस्थ होतो असे नाही. घरात कुणी नसताना मी दाराआड उभा राहून ताटावर पळी आपटली. चिमीने मान वळवली! जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आपटली, पुन्हा वळवली. शिवाय ती चांगली हसे, ‘अऽ आऽ’ करी, आईकडे पाहून हुंकार देई. ऐकू न येणारे मूल गप्प असते, अशी माझी समजूत. मग हिला ऐकू येत नाही असे कसे म्हणावे? 

अखेर एके दिवशी कुठलासा शब्द पाहायला सौ.ने कोश काढला आणि कार्ड खाली पडले. तिने ते उभ्यानेच वाचले. मग माझ्याकडे पाहून एवढेच म्हणाली, ‘अहो, हे तुम्हांला कधी आलं?’ लग्नाला बेचाळीस वर्षे झाली. इतक्या हळू आवाजात ती माझ्याशी कधी बोललेली मला आठवत नाही.

आमच्या सूनबाईला, मेधाला, मनातून शंका होतीच. जिथे बाळंतपण झाले तिथे कान तपासण्याची पद्धत नव्हती. लस टोचायला नेले तेव्हा तिने विचारले, तर ‘काही मुलं उशिरा बोलतात, तीन वर्षांपर्यंत वाट पाहू’ असे उत्तर मिळाले होते. तीन महिन्यांच्या मुलीसाठी तीन वर्षे! आता मात्र ती कुणाचे ऐकेना. दुसऱ्याच दिवशी आम्ही तपासणीला गेलो.

तपासणारी मुलगी तिशीच्या आतली. मैसूरला १९६५ साली निघालेली वाणी व श्रवणाची अखिल भारतीय संस्था आहे, तिथे शिकून आलेली. तिने झोपलेल्या चिमीच्या कानात एक मऊ रबरी बोंडी बसवली, टिकटिक असे बारीक आवाज सोडले आणि यंत्राकडे पाहत राहिली. मी पळीचा प्रयोग तिला मोठ्या विश्वासाने सांगितला. ती हसली नाही. म्हणाली, ‘आजोबा, पळी आपटताना दार हललं असेल, सावली पडली असेल, जमिनीतून पाळण्याला हादरा गेला असेल. ज्या बाळाला ऐकू येत नाही, ते डोळ्यांनी आणि अंगानं ऐकतं. घरातले सगळेच असे फसतात.’ हुंकारांचेही तेच. ऐकू न येणारी बाळेही पहिले काही महिने आवाज काढतात, हसतात. फरक पडतो तो पुढे. ऐकणारे मूल सहा ते दहा महिन्यांच्या सुमारास ‘बाबाबा, दादादा’ सुरू करते. ऐकू न येणाऱ्याचे ते फार लांबते. तोवर घरचे निर्धास्त असतात.

रबरी बोंडीच्या या परीक्षेत चिमी नापास झाली. एकदा नापास झाले म्हणजे बहिरेपण ठरत नाही. कानात नुसते पाणी साचलेले असले तरी असे होते. म्हणून पुन्हा केली. मग डोक्याला चार तारा चिकटवून ‘बेरा’ नावाची तपासणी केली. तीत आवाजानंतरच्या शंभराव्या हिश्शाच्या सेकंदात कानाकडून मेंदूच्या देठापर्यंत काही निघाले का, ते दिसते. चिमीच्या कागदावर दोन्ही कानांच्या रेघा जवळजवळ सपाट होत्या.

त्या रात्री कुणी जेवले नाही. चिमी मात्र मजेत पाय झाडत होती. मेधा तिच्याकडे पाहत म्हणाली, ‘बाबा, म्हणजे बारशाला तिला तिचं नावसुद्धा ऐकू आलं नाही?’ आमच्या नंदाने, चिमीच्या आत्याने, केवढ्या हौसेने तिच्या कानात नाव सांगून ‘कुर्रर्र’ केले होते. मी काय उत्तर देणार?

दोन दिवसांनी माझ्या थोरल्या बहिणीचा, माईचा फोन आला. ‘आपल्या सात पिढ्यांत कुणी बहिरं नाही हो!’ ती म्हणाली. या वाक्याचा रोख कुठे असतो, हे सासरी नांदलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. मेधाने ते ऐकले आणि उठून आत गेली. पुढे रक्ताची तपासणी झाली तेव्हा उलगडा झाला. ‘कनेक्सिन-२६’ नावाचा एक अंश शरीरात तयार होतो. त्याची कृती लिहिलेल्या दोन प्रती प्रत्येकाकडे असतात, एक आईकडची, एक बापाकडची. एक बिघडली तरी दुसरीवर काम भागते; म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कुणाला पत्ता लागत नाही. दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली, तरच मूल बहिरे होते. बहिरेपणाशी याचा संबंध आहे हे १९९७ साली कळले. म्हणजे आमच्या शिरीषचा वाटा निम्मा, मेधाचा निम्मा. मी माईला फोन करून हे मास्तरी आवाजात समजावून सांगितले. जन्मतः बहिऱ्या मुलांपैकी शंभरात नव्वदांहून अधिकांचे आईबाप चांगले ऐकणारे असतात. तेव्हा ‘आमच्यात कुणी नाही’ या वाक्याला काही अर्थ नाही, हे मी तिला दोनदा सांगितले.

आपत्ती आली की मी पुस्तक उघडतो. मास्तरांना दुसरे येते काय? त्या टिकटिकीच्या यंत्राची कथा मला अशीच सापडली. कानाच्या आत शंखासारखी वेटोळी नळी आहे. तिचा अभ्यास करणाऱ्या बेकेशी या हंगेरियन शास्त्रज्ञाला १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्याने तपासलेले कान बहुतेक मेलेल्या माणसांचे होते. त्याच्याही आधी, १९४८ साली, केंब्रिजच्या टॉमस गोल्ड नावाच्या तरुणाने सांगितले होते की, जिवंत कान नुसता आवाज घेत नाही, तो आतल्या आत आवाज वाढवतो. आणि तसे असेल तर कानातून बारीक आवाज बाहेरही आला पाहिजे. कुणी मनावर घेतले नाही. गोल्ड ग्रहताऱ्यांच्या अभ्यासाकडे वळला. तीस वर्षांनी, १९७८ साली, लंडनमध्ये डेव्हिड केंप याने कानात टिक्‌ असा आवाज सोडला आणि काही क्षणांशांनी कानातूनच आलेला पडसाद टिपला. निरोगी कान असे उत्तर देतो. बाळाला काही विचारावे लागत नाही, बाळाने काही सांगावे लागत नाही, कानच सांगतो. हे वाचून दाखवले तेव्हा सौ. पुष्कळ दिवसांनी हसली. म्हणाली, ‘भिंतीला कान असतात हे ऐकलं होतं, कानाला तोंड असतं हे आज कळलं.’

पण माझ्या काळजाला लागले ते दुसरेच. माझा जन्म मुलांना ‘वाट’ आणि ‘वात’, ‘पाट’ आणि ‘पात’ शिकवण्यात गेला. इंग्रजी बोलणाऱ्याला आपल्या ट आणि त मधला फरक कळत नाही, याची आपण थट्टा करतो. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली नेमका हाच ट आणि त घेऊन तान्ह्या मुलांवर प्रयोग प्रसिद्ध केला. आवाज बदलला की बाळाने मान वळवायची. मग पेटीतली खेळण्यातली जनावरे उजळून दिसायची. सहा ते आठ महिन्यांच्या इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतला ट-त चा फरक ऐकू येत होता! त्यांच्या आईबापांना न येणारा. दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत मात्र बहुतेकांचा तो गेला. हिंदी बोलणाऱ्या घरातल्या बाळांचा राहिला. म्हणजे बाळ एक शब्द बोलत नसते, तेव्हाच त्याचा मेंदू घरातली भाषा निवडून ठेवत असतो. जे कानी पडते ते राखतो, जे पडत नाही ते सोडून देतो. आपण पहिल्या शब्दाची वाट पाहत बसतो. शाळा केव्हाच सुरू झालेली असते.

आणि ती जन्मल्यावर सुरू होते असेही नाही. पोटात शेवटचे तीन महिने बाळ ऐकत असते. अमेरिकेत डीकॅस्पर आणि फायफर यांनी १९८० साली तीन दिवसांच्या आतल्या बाळांना चोखण्याची बोंडी देऊन पाहिले : विशिष्ट तऱ्हेने चोखले तर आईचा आवाज, नाहीतर दुसऱ्या बाईचा. बाळे आईचा आवाज मिळवण्यासाठी चोखू लागली. चिमीच्या वर्गातली मुले अशी जन्माआधीच हजेरी लावून बसलेली. आमची वर्गाच्या बाहेर उभी. आणि मी तिचे तीन आठवडे कोशात दाबून ठेवले होते.

तीन आठवड्यांनी काय बिघडते? कोलोरॅडोमध्ये योशिनागा-इटानो या बाईंनी कमी ऐकू येणाऱ्या १५० मुलांचा अभ्यास करून १९९८ साली प्रसिद्ध केला. सहा महिन्यांच्या आत ज्यांचे निदान होऊन मदत सुरू झाली, त्यांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. बहिरेपण थोडे असो वा पुरते, घरची स्थिती बरी असो वा बेताची, हा फरक राहिलाच. तेव्हापासून जाणकारांचा हिशेब सोपा आहे : एक, तीन, सहा. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय. चिमीचे निदान झाले तेव्हा ती चार महिन्यांची होती. पाचव्या महिन्यात तिच्या कानांवर यंत्रे बसली. सहाच्या आत आलो, पण धापा टाकीत. ते कार्ड आले नसते तर आम्ही अजून शांतीचे गुण गात असतो.

नुसती यंत्रे चिमीला पुरली नाहीत. आषाढात, ती अकरा महिन्यांची असताना, शस्त्रक्रिया करून कानाच्या वेटोळ्यात बारीक तार बसवली. बाहेरचे यंत्र आवाज घेते, तार तो विजेच्या रूपाने थेट मज्जातंतूला देते. या युक्तीचा एक मोठा कर्ता ऑस्ट्रेलियाचा ग्रॅम क्लार्क. त्याचे वडील औषधविक्रेते, आणि त्यांना कमी ऐकू येई. गिऱ्हाईकांपुढे होणारी त्यांची ओढाताण मुलाने पाहिलेली. वेटोळ्यात तार शिरवायची कशी हे कोडे त्याला सुटेना. १९७७ साली तो समुद्रकिनाऱ्यावर सुट्टीला गेला असता त्याने एक शंख उचलला आणि त्यात गवताची काडी सरकवून पाहिली. बुडाशी ताठ आणि टोकाशी लवचीक अशी काडी आतवर गेली. पुढच्याच वर्षी मेलबर्नला त्याने पहिल्या रोग्याच्या कानात तार बसवली.

खर्चाचे म्हणाल, तर शिरीषने कर्ज काढले आहे. पण ज्यांना ते झेपणार नाही त्यांनी हातपाय गाळू नयेत. केंद्र सरकारच्या ‘ॲडिप’ योजनेतून लहान मुलांना ही मदत मिळते. मुंबईला वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत चौकशी करावी. ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ २०१३ साली आपल्या पालघरहून सुरू झाला, त्यातही जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे.

आणि तार हाच एक मार्ग, असेही मी म्हणणार नाही. भाषा तोंडानेच येते हा माझा मास्तरी समज होता. माँट्रियलमध्ये १९९१ साली असे आढळले की, खुणांच्या भाषेत बोलणाऱ्या बहिऱ्या आईबापांची बहिरी बाळे हातांनी बोबडे बोलतात; तसेच, ऐकणारी बाळे ‘बाबाबा’ करतात त्याच वयात. मेंदूला भाषा हवी असते. ती कानाने आली की डोळ्यांनी, याचे त्याला सोयरसुतक नसते. उपाशी मात्र ठेवायचे नसते. आम्ही दोन्ही वाटा धरल्या आहेत. सौ. हातांनी बोलायला शिकते आहे. तोंडाने बोलणे मात्र तिने त्यामुळे कमी केलेले नाही.

श्रावणात चिमीचे यंत्र पहिल्यांदा सुरू केले. चमत्कार झाला नाही. तिने अंगठा चोखायचा थांबवला आणि आईकडे टक लावून पाहिले, एवढेच. शिकवणाऱ्या बाई म्हणतात, तिच्या कानांचे वय त्या दिवसापासून मोजायचे. म्हणजे अंगाने ती सव्वा वर्षाची होत आली, कानाने दोन महिन्यांची. रोज तासभर अभ्यास असतो : डबा वाजतो, कुकरची शिट्टी होते, कावळा ओरडतो, आणि प्रत्येक वेळी आम्ही कानाला बोट लावून विचारतो, ‘काय वाजलं?’ पुढे किती वर्षे हे करायचे आहे, त्याची आम्हांला कल्पना आहे. मी पेन्शनर आहे. मला वेळच वेळ.

हजार बाळांत एक ते तीन अशी जन्माला येतात. हा अंक ज्या घरी जाईल, त्यांतल्या कुठल्या तरी घरात या क्षणी एक गुणी बाळ फटाक्यांच्या माळेत झोपले असेल. ते खरोखरच गाढ झोपाळू असू शकेल, देव करो तसेच असो. पण ताटे-पळ्या वाजवत बसू नका. तपासणी दहा मिनिटांची असते आणि तिला दुखत-खुपत नाही. सांगलीच्या बाईंना मी कार्ड पाठवले. त्यांनी लहान तोंडी मोठा घास घेतला नव्हता. मोठ्या तोंडाने मी लहान घास घेतला होता.

यंदाही अनंत चतुर्दशीला आमच्याकडे पाहुणे आले होते. चिमी मेधाच्या कडेवर, कानामागे यंत्र. कोपऱ्यावर पहिला ताशा तडतडला. चिमीचे अंग दचकले, ओठ खाली वळले, आणि तिने असे भोकाड पसरले की, पाहुणे कावरेबावरे झाले. मेधा रडत होती, शिरीष डोळे पुसत होता, माई पदर तोंडाला लावून उभी होती. आणि सौ. माझ्यावर ओरडत होती, ‘अहो, असे बघत काय उभे राहिलात? खिडकी लावा आधी! पोर घाबरतेय!’